खवय्यांचा म्होरक्या

मालवणला मासे खायला निघालेल्या प्रत्येक टोळक्यात एक म्होरक्या असतोच. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं. दादरहून मध्यरात्री तुतारी एक्सप्रेस सुटली, की तो बर्थवर मांडी ठोकतो आणि सुनावतो, "सुरमई-पापलेट डोक्यातून काढून टाका. ते पर्यटकांसाठी!" आपण कोण, हे विचारायची सोय नसते. त्याच्या बायकोच्या मावशीचं सासर आचऱ्याचं. एवढ्या भांडवलावर तो सिंधुदुर्गाबद्दल बोलताना 'आमच्याकडे' म्हणतो. सकाळी पोटात कावळे कोकलत असतात, पण वाटेत बटाटावडा घेणं ही त्याच्या लेखी फितुरी. कुडाळला उतरेपर्यंत "जागा ठेवा, जागा ठेवा" हा जप चालू असतो.

मध्यंतरी तो नाशिकला वायनरी बघून आला. तिकडे बोर्दोकडचे जाणकार वाइनचा पेला कसा फिरवतात, कसा हुंगतात, घोट तोंडात कसा घोळवतात, याचं त्याला शिक्षण मिळालं. विद्या वाया घालवणाऱ्यातला तो नव्हे. मालवणच्या खानावळीत सोलकढी आली, की तो स्टीलचा पेलाच उजेडाकडे धरतो, हलकेच फिरवतो, डोळे मिटून नाकाशी नेतो.

"नारळाचा पहिला रस. आमसूल यंदाचं. लसूण मात्र किंचित पुढे येतेय."

"लसूण घातलंयच नाय आज," वाढता वाढता काकी म्हणते.

"तेच म्हणतोय मी काकी, तिची उणीव पुढे येतेय!"

संध्याकाळी तो सगळ्यांना बंदरावर लिलाव बघायला नेतो. होड्या लागलेल्या असतात, वाळूत मासळीचे ढीग पडलेले असतात, बोली चढत असते. म्होरक्या उकिडवा बसून बांगड्याचे कल्ले उघडून दाखवतो. कल्ले लालभडक हवेत, डोळा पाणीदार हवा, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. सगळं अगदी खरं. फक्त विकत काही घेत नाही. शेवटी मासेवालीचा धीर सुटतो. "ओ बाबानू, डोळे कित्याक तपासतास? बांगड्याक चष्मो नको!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तारकर्लीला रापण. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, ही इथली जुनी रीत. म्होरक्या दोराला हात लावतो, फोटो निघेपर्यंत ओढतो, आणि वाटप सुरू झालं की ओळीत आपणही उभा राहतो. रापणकर दिलदार, ओंजळभर पेडवे त्याच्याही पिशवीत टाकतात. दुपारी खानावळीत तीच पिशवी तो 'आम्ही सकाळी काढलेली मासळी' म्हणून काकीच्या हवाली करतो.

जेवताना तो स्वतः कमी खातो, आम्हाला समजावतो जास्त. वड्यांच्या पिठात तांदळाबरोबर उडीद, धणे, मेथी का. मोरीच्या मटणात गरम मसाला का. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ का. या तिसऱ्या 'का'च्या भरात एकदा त्याने ते तिरफळच कचकन चावलं.

"खायत नाय ता, वासाक घालतत!" काकी ओरडली. पण तोवर जीभ बधीर झाली होती. म्होरक्या गप्प. सगळ्या सहलीत तेवढाच वेळ आम्ही शांतपणे जेवलो, आणि त्याच्या वाट्याची तुकडीही संपवली.

बांद्यापुढे पत्रादेवी ओलांडली की गोवा. तिथे त्याचं दुसरं विद्यापीठ. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, ती उन्हाळ्यापुरतीच. पुन्हा गाळली की फेणी, जिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं सांगून तो बाटली तिथेच संपवायला लावतो. परतीच्या वाटेवर इन्सुलीचा तपासणी नाका आहे, आणि तिथल्या लोकांना 'सुगंध', 'पोत' वगैरेत रस नसतो.

असं असूनही आम्ही त्याला सोडत नाही. तिकिटं तो काढतो, काकीला आदल्या रात्री फोन करून माणशी किती वडे ते सांगतो, हिशेबातले सुटे पैसे स्वतः भरतो. तो नसता तर आमची सहल व्हॉट्सॲपवरच निघाली असती आणि तिथेच पोहोचली असती.

एकदा स्वस्त खोल्या मिळाल्या म्हणून त्याने जूनमधला बेत ठरवला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, हे 'आमच्याकडे' म्हणणाऱ्याच्या ध्यानातच नव्हतं. बंदरावर बोटी शाकारलेल्या, वर धो धो पाऊस. आम्ही त्याच्याकडे बघितलं. तो क्षणभरही अडखळला नाही. "खरं मालवणी जेवण पावसाळ्यातच! मासे काय, कुणीही खातो."

काकीने फणसाची भाजी, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. म्होरक्याने तुकडा चिमटीत धरून डोळ्यांसमोर नेला. "उन्हाळ्यात वाळवलेला," तो म्हणाला.

बांगडा उन्हाळ्यात वाळवत नाहीत तर काय श्रावणात? पण काकी मनाची मोठी. "बरोबर वळाखलात," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत आम्ही दुसरं काही ऐकलं नाही. वैभववाडी यायच्या आत त्याने पुढच्या सहलीची तिकिटं काढलीसुद्धा.