साडेबारा हजार, व्हाया ग्रीनलंड

बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण त्यांची टेप अजून नोकरीत आहे. न्यू जर्सीच्या दादाने दोघांची तिकिटं काढली, तशी आई लोणच्याच्या बरण्या पुसायला बसली आणि बाबांनी माळ्यावरून जगाचा दांडीवाला नकाशा उतरवला.

मुंबई ते न्यूयॉर्क. फूटपट्टी टेकवून पेन्सिलची रेघ. अरबस्तान, इजिप्त, सहारा, मोरोक्को, की पुढे थेट अटलांटिक. कुठे वळण नाही, घाट नाही. मग त्यांना आठवलं, गेल्या खेपेला मोबाइलवर दादाचं विमान युरोपच्या डोक्यावर चढताना दिसलं होतं.

"स्वारगेटहून डेक्कनला हडपसरमार्गे!" बाबा म्हणाले. "नवखं गिऱ्हाईक दिसलं की मीटर पळवायचा."

मी भाचीचा पृथ्वीगोल आणला आणि आईची सुतळी उचलली. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणली. सुतळी आपणहून वर सरकली : मॉस्को, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या शेपटाला चाटून खाली. एक वीत चार बोटं भरली. बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी तेवढीच सुतळी दाबून-दाबून सहाऱ्यावरून नेली. न्यूयॉर्क दोन बोटं राहिलं असताना ती अटलांटिकमध्येच संपली.

हिशेब असा, की गोलावरचं अंतर सुमारे 12,550 किलोमीटर आणि बाबांच्या 'सरळ' रेघेचं 14,200 च्या घरात. दोष मर्केटरचा. त्याने 1569 साली नकाशा केला तो खलाशांसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं म्हणून. त्या सोयीपायी ध्रुवांकडचा मुलूख पापडासारखा ताणला गेला. नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जुळी भावंडं वाटतात, प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी.

"चौदापट?" बाबांनी चष्मा काढला. "आमच्या खात्यात मोजमाप-वहीत एवढा फरक निघाला असता, तर घरी बसवलं असतं त्याला."

तरी शेवटचा आक्षेप होताच : विमान नेमकं सुतळीवरून जातं का? नाही जात. कुठे आकाश बंद, कुठे वारा आडवा. उंचावरचे जोरकस वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त आणि येताना कमी. अंतर तेच.

"मग त्यात नवल काय," आई आतून म्हणाली, "मी माहेराहून यायची तेव्हा एसटीसुद्धा रेंगाळायची. जाताना कशी भुर्रकन पोचायची."

बाबांनी हे गणितात बसतं का ते पाहिलं. बसत नव्हतं. त्यांनी पुन्हा सुतळी ताणली, या वेळी न्यूयॉर्ककडून.

"झालं असेल जग मोजून, तर ती इकडे द्या," आई म्हणाली. "बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचंय. नाहीतर तुमच्या ग्रीनलंडावर खार सांडेल."