फासा कुणाच्या घरी?

१९५६ साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद इकडे म्हैसुरात राहिले. आमचं घर भालकीत, आत्याचं सासर उदगिरात. या सीमेच्या वादावर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्या घरातला सीमावाद मात्र लुडोचा आहे.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागतो. पट दोन्हीकडे मांडलेला, सोंगट्या दोन्हीकडे हलवायच्या, फासा ज्याचा त्यानं आपल्या घरी टाकायचा. उदगिरात दर वेळी सहाच पडायचे. फासा कॅमेऱ्यात दिसायच्या आत आत्याचे यजमान, दाजी, ओरडायचे, "सहा! हलव गं सोंगटी!"

म्हणून मी फासे टाकणारा बॉट बनवला. टेलिग्रामवर बॉटफादर नावाचं खातं आहे. त्याला बॉटचं नाव सांगितलं की तो लांबलचक टोकन देतो. ते ज्याच्या हाती, बॉट त्याचा. बॉट चालवायला जुना लॅपटॉप काढून फ्रिजवर ठेवला. बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइट गेली की बॉटही गेला. बाकी काम सोपं: लॅपटॉपच टेलिग्रामला सारखा विचारत राहतो, काही निरोप आहे का? त्यामुळे बाहेरून कुणाला आपल्या घरात शिरावं लागत नाही.

एक गोष्ट बघून मी हरखलो. बॉट लिहिला पायथन या संगणकाच्या भाषेत. पायथनला देवनागरी '६' दिला काय आणि कन्नड '೬' दिला काय, दोन्ही तो निमूटपणे सहाच समजतो. इतका समंजस कारभारी या हद्दीवर मला दुसरा भेटलेला नाही.

पहिल्याच रविवारी बॉटनं मला सलग दोन सहा दिले. आत्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"ते यंत्र ठेवलंय कुणाच्या घरात?"

"आमच्या. फ्रिजवर."

"मग झालं की!"

मी समजावू लागलो. सलग दोन सहा ३६ मध्ये एकदा येतातच. पायथनचं नेहमीचं आकडे काढायचं गणित मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोन जपान्यांचं, पण त्याचे ओळीनं ६२४ कच्चे आकडे हाती लागले तर पुढचे सांगता येतात, म्हणून मी तेही वापरलं नाही, थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडून आकडे घेतले. हा खुलासा करायलाच नको होता. दाजींनी एवढंच उचललं, "म्हणजे पुढचे आकडे सांगता येतात!" तेव्हापासून मी शकुनी. हस्तिनापुरात निदान फासे सगळ्यांना दिसत तरी होते.

मग मी सुचवलं, टेलिग्राममध्ये २०२० पासून फाशाचं चित्र आहे. ते पाठवलं की गडगडतं आणि आकडा त्यांच्या सर्व्हरवर ठरतो. ना तुमचं घर, ना आमचं. आत्याला ते मुळीच पटलं नाही. "परक्याचा फासा. हरल्यावर भांडायचं कुणाशी?"

तेव्हा वाचकहो, बॉटचा कोड फुकट देतो. लॅपटॉपही देतो, चार्जरसकट. भालकीला येऊन घेऊन जा. अट एकच: दर रविवारी दुपारी आत्याचा फोन तुम्ही उचलायचा.