दहावीत रडलेली माणसं

आमच्या कंपूत ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या भागांना सातवी, नववी, दहावी, बारावी असंच म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे घरात गैरसमज होतात. मी एकदा फोनवर म्हणत होतो, “दहावीचा शेवट आठवला की अजून गलबलून येतं रे,” तर आई आतून ओरडली, “एवढं काय झालं होतं? बाहत्तर टक्के पडले होते की!” मी खुलासा केला नाही. पाण्याच्या भल्यामोठ्या गोळ्यात पोहत चेंडू खेळणारा एक मुलगा शेवटी कुणाचं तरी स्वप्न निघतो आणि विरून जातो, ही गोष्ट बाहत्तर टक्क्यांपेक्षा दुःखाची आहे हे तिला पटवणं मला झेपलं नसतं.

आम्ही पाच-सहा जण. सगळे चाळिशी ओलांडलेले, गुडघे बोलायला लागलेले, गृहकर्जाचे हप्ते चालू. शनिवारी जेवणं आटोपली की विषय एकच: मालिकेचं पुढे काय होणार? टोकियोतल्या स्क्वेअर एनिक्सने आम्हाला काही विचारलेलं नाही. तरीही सतरावीत काय असावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नसावं, यावर आम्ही इतक्या पोटतिडकीने बोलतो की खालच्या मजल्यावरच्या काकांना वाटतं, सोसायटीच्या पुनर्विकासाचं पुन्हा फिसकटलं.

भांडणाचं मूळ मालिकेच्या घडणीतच आहे. हिरोनोबु साकागुचींनी पहिला भाग १९८७ च्या डिसेंबरात काढला आणि पुढच्याच वर्षी दुसरा काढताना जग नवं, माणसं नवी, गोष्ट नवी करून टाकली. तेव्हापासून हाच शिरस्ता. म्हणजे एखाद्या खानावळीत दर खेपेला आचारी बदलावा, जागा बदलावी, कोल्हापुरीच्या जागी मालवणी यावं, पण दारावरची पाटी आणि ताटातलं लोणचं तेवढं तेच राहावं. इथलं लोणचं म्हणजे चोकोबो नावाचा स्वारीचा पिवळा पक्षी, आणि जवळजवळ प्रत्येक भागात वेगळ्या रूपात हजर होणारा सिड नावाचा इसम. आता अशा ठिकाणी “पूर्वीची चव राहिली नाही” हे वाक्य कधी खोटं ठरणार? पहिल्या पंगतीपासून ते खरंच आहे.

पूर्वीची म्हणजे केव्हाची, हे मात्र जो तो आपापल्या दाढी फुटण्याच्या वयावरून ठरवतो. कुणाची मालिका १९९७ च्या सातवीत कळसाला पोचली, कुणाची २००१ च्या दहावीत. आमच्यातला एक तर सहावीनंतर खेळलाच नाही. पण तो सगळ्यांत जास्त बोलतो.

मुख्य रणांगण अर्थातच लढाईच्या पद्धतीचं. सुरुवातीच्या भागांत लढाई आळीपाळीने व्हायची. तुम्ही यादीतून हुकूम निवडायचा, मग राक्षस तुम्हाला मारणार, मग पुन्हा तुम्ही. १९९१ च्या चौथीत वेळेची पट्टी आली. ती भरली की तुमचा डाव, पण राक्षस तुमच्यासाठी खोळंबून राहीना. दहावीत पुन्हा सभ्यपणे थांबायला लागला. २००६ च्या बारावीत सोबत्यांना आधीच सूचना लिहून द्यायच्या आणि ते आपापले लढणार, आपण नुसतं पर्यवेक्षण. २०१६ च्या पंधरावीत बटण दाबून तलवार सपासप, आणि २०२३ च्या सोळावीत तर निव्वळ हाणामारीच उरली. सोळावीचे निर्माते नाओकी योशिदा यांचं म्हणणं साधारण असं, की यादीतून हुकूम निवडण्यात काय मजा आहे, हे आजच्या तरुणांपैकी अनेकांना कळत नाही.

त्या रात्री आमच्याकडे शोकसभा झाली.

माझं मत स्पष्ट आहे. आळीपाळीची लढाई ही संसारी माणसाची लढाई. समोर सात मजली राक्षस आग ओकायच्या बेतात उभा असताना मी उठून दूध बंद करून येऊ शकतो, कुरिअर घेऊ शकतो, बायकोला “हो, ऐकतोय” म्हणू शकतो. राक्षस थांबतो. आयुष्यात माझ्यासाठी इतकं कुणी थांबत नाही. सोळावीत दूध बंद करायला उठायचं तर आधी लढाई रोखायचं बटण शोधावं लागतं, आणि तोवर दूध तरी उतू जातं किंवा नायक तरी.

मग २०२५ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या एका छोट्या स्टुडिओने ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’ आणला. लढाई आळीपाळीची, आणि तेहेतीस दिवसांत सुमारे तेहेतीस लाख प्रती खपल्या! आम्ही हुकूमवाल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. पण त्यात राक्षसाचा वार अचूक क्षणी बटण दाबून परतवायचाही असतो. तेवढ्यावर हाणामारीवाल्यांनी तोच विजय आपल्या नावावर लावला. एकाच निकालावर दोन्ही पक्षांनी गुलाल उधळणं हे आपल्याला नवीन नाही म्हणा.

खरी शहाणपणाची परीक्षा सातवीने घेतली. प्लेस्टेशनच्या तीन सीडींवर आलेला तो खेळ. पहिली सीडी संपता संपता एरिथ नावाची नायिका मारली जाते. (हे फोडल्याबद्दल कुणी रागावू नये; १९९७ सालचं आहे.) तिला जिवंत करायची गुप्त युक्ती असल्याच्या अफवांवर एका पिढीची परीक्षेआधीची सुट्टी खर्च झाली. २००५ मध्ये कंपनीने नव्या यंत्राची ताकद दाखवायला सातवीची नुसती सुरुवात नव्या चित्रांत दाखवली आणि चाहत्यांनी धोशा लावला: अख्खा खेळ असाच करा. दहा वर्षं लावला. २०१५ मध्ये घोषणा झाली तेव्हा मोठमोठी माणसं हमसून रडली. २०२० मध्ये नव्या सातवीचा पहिला भाग आला. मूळ खेळात काही तासांत संपणारं मिडगार शहर ताणून त्याचाच एक अख्खा खेळ केलेला.

आणि त्यात भुतं! करड्या झग्यातली ही भुतं, गोष्ट मूळ वाटेवरून जरा कुठे ढळली की घोंगावत येतात आणि तिला पुन्हा रुळावर ढकलतात. खेळ त्यांना नियतीचे रखवालदार म्हणतो. मला मात्र बघताक्षणी ओळख पटली. आमचा शनिवारचा कंपूच होता तो, फक्त झगे घालून. शेवटी नायक-नायिका या भुतांना बडवून काढतात आणि पुढची वाट मोकळी करतात. आमच्यातल्या निम्म्यांना आपण कुणाला हरवलं हे अजून उमगलेलं नाही. उरलेल्यांचा वाद २०२४ च्या दुसऱ्या भागानंतर अधिकच चिघळलाय, कारण एरिथ नक्की मेली की कुठल्या दुसऱ्या जगात उरली, हे त्याने असं काही दाखवलं की दोन्ही बाजूंना पुरावे मिळाले.

बदल नको असणाऱ्यांसाठी जपानमध्येच ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही मालिका आहे. १९८६ पासून युजी होरी ती लिहितायत, अकिरा तोरियामांनी काढलेला हसरा निळा थेंब पहिल्या शत्रूच्या जागी तसाच हसतोय. तिथले चाहते कशावर भांडत असतील, असं मला वाटायचं. २०२१ मध्ये बाराव्या भागाची घोषणा करताना होरींनी हुकूम देण्याची पद्धत बदलणार असं सांगितलं, आणि तीही चिंता मिटली. अमेरिकेतल्या ‘एल्डर स्क्रोल्स’वाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांना पाचवा भाग, म्हणजे ‘स्कायरिम’, २०११ मध्ये मिळाला. सहाव्याची म्हणून २०१८ मध्ये अर्ध्या मिनिटाची झलक मिळाली, ज्यात डोंगर, किनारा आणि शीर्षक एवढंच आहे. त्या किनाऱ्याच्या वळणांवरून तो कुठला प्रांत, याची मोजमापं ते वर्षानुवर्षं घेत राहिले. भूगोलाच्या शिक्षकांनी तोंडात बोटं घालावीत अशी.

चाहत्यांच्या तक्रारींचं पूर्ण निवारण झाल्याचं माझ्या माहितीत एकच उदाहरण आहे. ऑनलाइन चालणारी चौदावी २०१० मध्ये आली आणि सपशेल आपटली. तीच योशिदांच्या हाती सोपवली गेली. त्यांनी २०१२ च्या नोव्हेंबरात, लोक आत खेळत असताना, आकाशातला लाल चंद्र त्या जगावर पाडला, त्यातून बाहामुट नावाचा महाकाय ड्रॅगन बाहेर काढला आणि सगळं बेचिराख करून खेळ बंद केला. २०१३ मध्ये नवं जग उभं केलं. ते अजून गजबजलेलं आहे. आमच्या प्रत्येक सूचनेवर विचार करण्यापेक्षा आमच्या डोक्यावर चंद्र आणून पाडणं कंपनीला जास्त लाभलं, हे मी कंपूत बोललो नाही.

मध्यंतरी भाच्याने विचारलं, “मामा, मी सुरुवात कुठल्या भागापासून करू?” मी भोळेपणाने प्रश्न कंपूत टाकला. पहिल्यापासून क्रमाने, सहावीपासूनच, मूळ सातवी आधी, छे, नवी सातवी आधी, असं चालू असताना तिकडे भाचा सोळावी संपवून मोकळा झाला. म्हणाला, “भारी आहे.” कंपूने एकमुखाने ठरवलं की त्याला काही कळत नाही. इतक्या वर्षांत आमचं एकमत झालेला हा एकमेव ठराव.

तुम्हीही विचारात असाल तर नववीपासून सुरू करा. २००० सालची आहे, वेळेची पट्टी संथ भरते, दूध उतू जात नाही, आणि विवी नावाचा टोपीत तोंड लपवणारा छोटा जादूगार आहे. आपल्या मनातल्या फायनल फँटसीच्या सर्वांत जवळ जाणारा भाग हाच, असं खुद्द साकागुचींनी म्हणून ठेवलंय. सातवीवाले वेगळं सांगतील. त्यांचं ऐकू नका.