बडनेरा ते अकोला निर्व्यसनी

भाऊसाहेब रोज सकाळी बडनेऱ्याला सिगारेट सोडतात आणि अकोल्याला उतरले की पुन्हा धरतात. गाडीत ओढता येत नाही हे रेल्वेच्या कायद्याचं पुण्य, पण श्रेय ते स्वतःकडं घेतात. मूर्तिजापूर मागं पडलं की शेजारच्याला ऐकवतात, "पाय राज्या, माणसानं मनावर घेतलं पायजे!"

सोडण्याच्या बाबतीत अप-डाउन करणाऱ्यांत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. निकोटिनचा च्युइंगगम त्यांनी करून पाहिला. तो थोडा चावून गालात धरून ठेवायचा असतो. भाऊसाहेबांच्या गालात आधीच खर्र्याचं बिऱ्हाड. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूर काढणारे आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे निघाले. भाऊसाहेब दोन्ही रकान्यांत हजर.

त्यांचा खरा जीव ई-सिगारेटवर. इंग्लंडात ८८६ सिगारेटवाल्यांवर झालेला, २०१९ साली छापून आलेला प्रयोग त्यांना तोंडपाठ आहे. वर्षभरानंतर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटपासून लांब होते. निकोटिनच्या पट्ट्या, गम वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. "डबल, भाऊ, डबल!" नेमकं त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रानं वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला, आणि ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद. तेव्हापासून भाऊसाहेबांचं न सुटणं दिल्लीच्या नावावर जमा होतं. "औषधच बंद केलं सरकारनं, त म्या का करू?" म्हणत ते माचिस मागतात.

त्याच प्रयोगातला पुढचा आकडा मात्र त्यांना कधी आठवत नाही. ई-सिगारेटनं ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले ८० टक्के लोक वर्षभरानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. कोवळ्या पोरांना नवं व्यसन लागू नये म्हणून बंदी आली, हे सांगितलं तर ते उसळतात, "पोट्ट्याईपायी आमाले कायले शिक्षा?" मला विचाराल तर प्रश्नात दम आहे. विचारणाऱ्यात तेवढा उरलेला नाही; दोन जिने चढले की वाक्य अर्ध्यावर राहतं.

परवा वहिनींसमोर मी बोलून गेलो, की त्या प्रयोगात नुसती उपकरणं वाटली नव्हती. दोन्ही गटांतल्या लोकांना निदान चार आठवडे, दर आठवड्याला समोर बसवून समजावलं होतं.

"चार हप्ते?" वहिनींनी पोळी तव्यावर आपटली. "म्या पंचवीस वर्सं झाली समजावून राहिली!"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "पण तिकळे समजावनारी घरची नव्हती ना वो!"