लाभार्थींनी हप्ता भरावा

विमा नियामक इर्डाने आपल्या भल्याचं काही केल्याची बातमी आली की मेडिक्लेमवाला माणूस आधी रिन्यूअलची तारीख बघतो. त्याचा नियामकावर राग नसतो, फक्त अनुभव असतो.

2024 च्या एप्रिलमध्ये असंच भलं झालं. जुन्या आजारासाठी चार वर्षं थांबवायची सोय कंपन्यांना होती, ती तीनवर आली. नवा विमा घेण्याची 65 वर्षांची अट गेली. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘आजार लपवलात’ म्हणून क्लेम नाकारता येणार नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. छानच! फक्त याचे पैसे कोण देणार, तेवढं सांगायचं राहून गेलं. कंपन्यांना गणित येतं. क्लेम वर्षभर आधी येऊ लागला तर पैसाही आधी जमवावा लागतो, आणि तो जमवायला तुम्ही-आम्ही आहोतच.

2017 चा मानसिक आरोग्य कायदाच घ्या. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्या, असं कलम 21 म्हणतं. बरोबरच म्हणतं. हे ऐच्छिक ठेवलं असतं तर ज्याला गरज त्यानेच ते घेतलं असतं, आणि त्याचा हप्ता बघून एजंटचंही मन बिघडलं असतं. सगळ्यांनी थोडं थोडं भरलं तरच हे परवडतं. तेव्हा सक्तीला माझी हरकत नाही. पण लाभ पत्रक काढून जाहीर होतो आणि किंमत मात्र ‘सुधारित दर’ एवढ्या दोन शब्दांत घरी येते, त्याला आहे.

ज्येष्ठांवर तर विशेष माया. जानेवारी 2025 पासून त्यांचा हप्ता इर्डाला विचारल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणजे दरवर्षी पुरेपूर दहा टक्के वाढवला तर आठ वर्षांत दुपटीच्या वर जाईल, तोही कुणाला न विचारता. यात जे भागणार नाही, ते बहुधा हिंजवडीत बसलेल्या पोराच्या हप्त्यात सापडेल.

जीएसटीचंही तेच. नितीन गडकरींनी 2024 मध्ये निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के कर शून्य झाला. त्याबरोबर कंपन्यांचं इनपुट क्रेडिटही गेलं. ऑफिसच्या भाड्यावर, जाहिरातींवर भरलेला कर त्यांना आता वळता करून मिळत नाही. तो कुठून तरी निघेलच.

महावितरणसुद्धा बिलात वहन आकार वेगळा दाखवतं. मेडिक्लेमच्या पावतीवर ‘नियामक आकार’ अशी एक ओळ छापायला काय जातं? कंपन्या कां-कूं करतील, आणि त्याचं कारणही उघड आहे: तो आकडा एकदा वेगळा काढला की बाकीची वाढ कशाची, हे त्यांना सांगावं लागेल.