तळ्यात, मळ्यात, सिनेटात

अमेरिकेत आपल्या सिनेटरला पत्र लिहिणं फार सोपं आहे. त्याहून सोपं काम एकच, ते म्हणजे त्या पत्राला उत्तर देणं.

आमचे मेहुणे गेली कित्येक वर्षं तिकडच्या मध्य-पश्चिमेत राहतात. नागरिकत्व घेतल्या दिवसापासून त्यांनी नागरिकाचं कर्तव्य फारच मनावर घेतलं आहे. तिथल्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती लोकांना सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क देते आणि दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा. दोन्ही 1791 सालच्या. क्रम बघितला तर अर्जाचा नंबर आधी आणि बंदुकीचा नंतर लागतो, म्हणून मेहुण्यांनी अर्जापासून सुरुवात केली. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासलीच पाहिजे, अशा अर्थाचं विधेयक तिकडे दर काही वर्षांनी येतं, आणि ते आलं की मेहुणे पत्र लिहायला बसतात.

पत्र संकेतस्थळावरून धाडायचं तर आधी नाव, पत्ता आणि पिनकोड भरावा लागतो. पिनकोड दुसऱ्या राज्यातला निघाला तर पुढे सरकायचं नाव नाही, कारण सिनेटर फक्त स्वतःच्या मतदारांचंच म्हणणं ऐकून घेतात. कागदी पत्र पाठवायचं तर आणखी गंमत. 2001 च्या ऑक्टोबरात सिनेटर डॅशल आणि सिनेटर लेही यांच्या नावाने पाकिटातून अँथ्रॅक्सची पूड आली. तेव्हापासून काँग्रेसकडे जाणारं टपाल आधी किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रातून काढतात. कागद पिवळा पडतो, कडक होतो, कडेने तुकडे पडतात आणि पत्र पोचायला आठवडे लागतात. एवढ्या अवधीत विधेयक आलेलं असतं, पडलेलं असतं आणि सिनेटर सुट्टीवर गेलेले असतात.

म्हणजे बंदुकीविषयीचं पत्र तपासणीशिवाय आत जाऊच शकत नाही. बंदुकीचं तसं नाही. परवानाधारक दुकानातून घेतली तर संगणकावर तपासणी होते. 1993 च्या ब्रेडी कायद्याची ती देणगी, आणि बहुतेक वेळा ती काही मिनिटांत उरकते. पण विकणारा खाजगी माणूस असेल, जत्रेसारख्या भरणाऱ्या बंदूक-मेळ्यातला किंवा इंटरनेटवरच्या जाहिरातीतला, तर केंद्रीय कायदा त्याला काहीच विचारायला लावत नाही. काही राज्यांनी आपापले नियम केले आहेत, बाकीच्या राज्यांत विश्वासावर काम चालतं. पत्रावर मात्र कुणाचाच विश्वास नाही.

तर, पत्र पोचलं. ते कोण वाचतं? सिनेटर नव्हे. त्यांच्या कार्यालयात कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, कमी पगाराची, उमेदीची पोरं असतात. पत्राचा विषय कोणता आणि माणूस बाजूने आहे की विरुद्ध, एवढंच ती बघतात. त्याप्रमाणे एका रकान्यात खूण होते आणि त्या विषयाचं साच्यातलं उत्तर निघतं. फोन केला तर तेच पोर उचलतं, पिनकोड विचारतं आणि आपलं म्हणणं साहेबांच्या कानावर घालतो म्हणून सांगतं. साहेबांच्या कानावर जातो तो आकडा: इतके बाजूने, इतके विरुद्ध. मेहुण्यांनी घटनाकारांपासून गांधीजींपर्यंत सगळ्यांचे दाखले देऊन तीन पानं लिहिली होती. त्यांची एक खूण झाली.

उत्तर आलं ते जाड कागदावर, वर शिक्का, खाली निळ्या शाईची सही. पाकिटावर तिकिटाच्या जागीही सहीच, कारण लोकप्रतिनिधींना टपाल फुकट, ही सवलत त्यांच्या पहिल्या काँग्रेसपासूनची. मजकुराचा सारांश मेहुण्यांनी फोनवर वाचून दाखवला. तो असा:

'प्रिय महोदय, बंदूक-सुरक्षेसारख्या महत्त्वाच्या प्रश्नावर आपण आपले विचार कळवलेत, आभारी आहे. अलीकडच्या दुःखद घटनेने मी आणि माझं कुटुंब हादरून गेलो आहोत. कायदा पाळणाऱ्या नागरिकांचे घटनादत्त हक्क अबाधित राखतानाच धोकादायक व्यक्तींच्या हाती शस्त्रं पडू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. सदर विधेयक सध्या समितीपुढे विचाराधीन आहे. ते सभागृहात आल्यास आपलं मत मी अवश्य ध्यानात ठेवेन.'

"दाजी, माणूस आपल्या बाजूचा आहे," मेहुणे म्हणाले. "ठामपणे वाटतं म्हणतोय."

सही खरी की छापील, हे बघायला त्यांनी बोट जिभेला लावून सहीवरून फिरवलंही होतं. शाई पसरली, आणि मेहुणे धन्य झाले. सही करणारी यंत्रं तिकडे खऱ्या पेनानेच सही करतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. बायकोचा भाऊ आहे, शेवटी घरात राहायचं मला.

खरी मजा पुढच्या शनिवारी झाली. मेहुण्यांचे शेजारी बंदूकवाले. गॅरेजात लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली बायकोलाही माहीत नाही. त्यांनीही त्याच सिनेटरला लिहिलं होतं, अर्थातच उलट बाजूने. कुंपणाशी उभं राहून दोघांनी पत्रं पडताळली. शिक्का तोच, सही तीच, दुःखद घटनेने हादरलेलं कुटुंबही तेच. फरक एवढाच की शेजाऱ्याच्या पत्रात घटनादत्त हक्क आधी होते आणि त्यांना अख्खा परिच्छेद मिळाला होता, तर धोकादायक व्यक्ती मागे अर्ध्या वाक्यात कोंबल्या होत्या. शेजारीही खूष होता. त्याच्या मते सिनेटर त्याच्या बाजूचा. एकाच पत्राने दोन विरुद्ध बाजूंची माणसं एका कुंपणाला टेकून हसतात, याला लोकशाहीत एकमत म्हणायला हरकत नसावी.

ही कला आजची नाही. 1991 साली आखाती युद्धाच्या वेळी जॉन केरी यांच्या कार्यालयाने एकाच मतदाराला थोड्या दिवसांच्या अंतराने दोन पत्रं पाठवली होती. एकात युद्धाला विरोध केल्याबद्दल त्याचे आभार होते आणि दुसऱ्यात पाठिंबा दिल्याबद्दल. दोष संगणकावर ढकलला गेला. मला मात्र त्या संगणकाचं कौतुक वाटतं. राजकारण माणसांच्याही आधी त्याला उमगलं.

पण साच्यातलं उत्तर निदान साच्यातलं म्हणून ओळखू येतं. त्याहून जड जातं ते हाताने लिहिलेलं. 2012 च्या जुलैत कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे सिनेमागृहात गोळीबार झाला आणि 12 माणसं गेली. त्यात ॲरिझोनातल्या एका बाईंचा मुलगा होता. बाईंनी आपल्या राज्याचे सिनेटर जेफ फ्लेक यांना पत्र लिहून घरी जेवायला बोलावलं. मुलाची खुर्ची रिकामी असते, ती बघायला या, असं ते आमंत्रण. फ्लेक यांनी स्वहस्ते उत्तर लिहिलं. त्यात दुःखात सहभागी असल्याचं होतं, आणि बाकी उपायांवर आपले मतभेद असतील पण पार्श्वभूमीची तपासणी कडक करण्यावर आपलं एकमत आहे, असंही होतं. यंत्र नाही, पोरगा नाही, स्वतःचं अक्षर. काही दिवसांतच विधेयक मतदानाला आलं. फ्लेक यांनी विरोधात मत दिलं. त्यांचा खुलासा असा की तपासणीला विरोध नाही, या विधेयकातल्या तपासणीला आहे. साच्यातल्या पत्राने इतकं दुखलं नसतं.

ते विधेयक म्हणजे मॅन्चिन-टूमी दुरुस्ती. 14 डिसेंबर 2012 ला कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हूक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. मुलं सहा-सात वर्षांची. त्या घटनेनंतर चार महिन्यांनी ही दुरुस्ती सिनेटपुढे आली. मांडणारे दोघे: डेमोक्रॅट जो मॅन्चिन आणि रिपब्लिकन पॅट टूमी. दोघांपैकी कुणीच बंदुकांचा शत्रू नव्हे. मॅन्चिन यांनी तर 2010 च्या प्रचारात पर्यावरणविषयक एका विधेयकाच्या प्रतीला बंदुकीने भोक पाडलं होतं. विधेयकाविषयीचं मत कळवण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला माहीत नाही. निदान ते साच्यातलं उत्तर नव्हतं.

आणि दुरुस्तीत तरी होतं काय? बंदूक-मेळ्यात आणि इंटरनेटवर विकताना गिऱ्हाइकाची तपासणी करा, बस. घरच्यांना, मित्राला दिली तर तेही माफ. उद्या सरकार बंदूकधारकांची यादी करून घरोघर जप्तीला येईल, अशी भीती कार्यालयांत येणाऱ्या पत्रांतून ओसंडत होती. म्हणून अशी यादी जो सरकारी माणूस करील त्याला 15 वर्षांपर्यंत तुरुंगवास, असं कलमच त्यात घातलेलं होतं. यादीविरुद्धचं कलम असलेलं विधेयक यादीच्या भीतीने पडलं. पत्र लिहिणाऱ्यांनी विधेयक वाचलं नव्हतं, हे समजू शकतं. पण उत्तरं लिहिणाऱ्यांनीही तीच भीती परत टपालाने पाठवली, मग वाचलं कुणी होतं?

न्यूटाउनचे आईबाप मुलांचे फोटो घेऊन वॉशिंग्टनला आले, सिनेटरांच्या दालनांबाहेर बसले. त्या वेळच्या जनमत चाचण्यांत दहांतले नऊ अमेरिकन तपासणीच्या बाजूचे होते. 17 एप्रिल 2013 ला मतदान झालं: बाजूने 54, विरुद्ध 46. दुरुस्ती पडली, कारण लागत होती 60. बहुमत मिळून हरण्याची ही सोय सिनेटने स्वतःच्या नियमांत करून ठेवली आहे. घटनेत तिचा उल्लेख नाही. सज्जात बसलेली, 2011 च्या टूसॉनच्या गोळीबारातून वाचलेली एक बाई ओरडली, "लाज वाटू द्या!" सुरक्षारक्षकांनी तिला बाहेर नेलं. सभागृहाला मिळालेल्या सर्व निवेदनांत हे सर्वात छोटं, आणि त्याला उत्तर पाठवल्याची नोंद नाही.

दहांतले नऊ बाजूने आणि तरी हार, हे कसं? नॉर्थ डकोटाच्या हायडी हाइटकॅम्प या डेमोक्रॅट. त्यांनी विरोधात मत दिलं आणि कारण सांगितलं की माझ्या राज्यातून आलेला कौल प्रचंड संख्येने विरोधात आहे. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. गोम इथेच आहे. चाचणीवाल्याने फोन केला की नऊ जण 'हो' म्हणतात, फोन ठेवतात आणि भाजी ढवळायला जातात. दहावा स्वतः फोन लावतो. आज लावतो, उद्या लावतो, मेव्हण्याला लावायला सांगतो, आणि मत देताना या एकाच गोष्टीवर देतो. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेची खरी ताकद पैशात आहे असं सगळे म्हणतात. मला ती या दहाव्या माणसाच्या चिकाटीत दिसते. आमच्या मेहुण्यांनी त्या वर्षी पत्र लिहिलं ते विधेयक पडल्यावर, निषेधाचं. त्यालाही उत्तर आलं. विचार कळवल्याबद्दल आभार.

मतदानानंतर पंधरवडाही उलटला नव्हता, तोवर एका चाचणीत फ्लेक देशातले सर्वात नावडते सिनेटर ठरले. माणूस विनोदी. त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आपला दर्जा आता डबक्यावरच्या शेवाळाच्याही किंचित खाली गेला असावा. पत्रात मळ्यात आणि मतदानात तळ्यात उडी मारणाऱ्याला शेवाळ भेटणारच. काही का असेना, त्या सर्व पत्रव्यवहारातलं एवढं एक वाक्य मला साच्याबाहेरचं वाटलं.

काहीच झालं नाही असंही नाही. 2022 च्या मे महिन्यात टेक्ससमधल्या उवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, तेव्हा महिन्याभरात एक कायदा झाला. 21 वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची तपासणी कडक झाली, सिनेटमध्ये 65 मतं पडली, त्यांत 15 रिपब्लिकन होते. त्या कायद्यासाठी वाटाघाटी करणारे टेक्ससचे सिनेटर जॉन कॉर्निन ह्यूस्टनच्या पक्ष-अधिवेशनात बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. दहावा माणूस अधिवेशनालाही जातो. उरलेले नऊ त्या दिवशी कुठे होते, हे मेहुण्यांना विचारायला हवं.

पत्रं मोजून, भिऊन, 2013 साली विरोधात गेलेले डेमोक्रॅट चार. (पाचवे त्यांचे नेते हॅरी रीड, त्यांनी नियमाच्या सोयीसाठी मत फिरवलं, ते वेगळं.) त्यांपैकी मॅक्स बॉकस यांनी आठवड्याच्या आतच निवडणूक न लढवण्याचं जाहीर केलं आणि पुढे ते राजदूत म्हणून बीजिंगला गेले. अलास्काचे मार्क बेगिच 2014 ला हरले. आर्कान्सॉचे मार्क प्रायर त्याच वर्षी हरले. ज्या रायफल असोसिएशनला दुखवायचं नव्हतं, तिने पाठिंबा दिला तो त्यांच्या विरोधकाला. हाइटकॅम्प 2018 ला हरल्या. फ्लेक त्या वर्षी उभेच राहिले नाहीत. आणि ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती होती ते दोघे, टूमी 2016 ला आणि मॅन्चिन 2018 ला, आपापली पुढची निवडणूक जिंकले.