बाँडच्या वर्षात संसार : माहूरपुरती मार्गदर्शिका

महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्याला पुढे एक वर्ष सरकारी दवाखान्यात काढावे लागते. कागदोपत्री या वर्षाचे नाव 'सामाजिक उत्तरदायित्व सेवा'. होस्टेलवर त्याला 'बाँड' म्हणतात. सेवा नको असेल तर 10 लाख रुपये भरा, अशी अट बरीच वर्षे होती. म्हणजे समाजाचे ऋण एकरकमी फेडायची सोय होती. 2022-23 पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी तीही बंद करण्याचा निर्णय झाला. हे काही मंत्रालयाच्या सुपीक डोक्यातून निघालेले नाही. मेक्सिकोत 1936 पासून आणि दक्षिण आफ्रिकेत 1998 पासून नव्या डॉक्टरांना असेच आडगावी धाडतात. तिकडची जोडपी काय करतात ते त्यांचे त्यांना माहीत. प्रस्तुत मार्गदर्शिका इंटर्नशिपमध्ये सूत जमलेल्या, बाँडची ऑर्डर निघण्याआधी घाईघाईने बोहल्यावर चढलेल्या आणि नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, माहूर तालुक्यात येऊन पडलेल्या जोडप्यासाठी आहे. अविवाहितांनी वाचल्यास अपाय नाही.

नेमणूक

दोघांनी एकाच तालुक्यात पडावे. हे बोलायला सोपे आहे. कायम नोकरीतल्या लोकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाची एक दयाळू तरतूद असते. वर्षभराच्या पाहुण्यांना गुणवत्ता यादी दाखवली जाते. यादीत तिचा क्रमांक वर आणि त्याचा दोनशेने खाली असेल, तर ती माहूरला आणि तो भामरागडला, असा संसारही कागदावर उत्तम दिसतो. तेव्हा दोघांचे गुण सारखे पडतील याची काळजी पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रापासूनच घ्यावी. ते जमले नसेल तर उपसंचालकांच्या कार्यालयात लग्नाचा दाखला, त्याच्या तीन छायाप्रती आणि भरपूर नम्रता घेऊन जावे. नांदेड जिल्हा आरोग्य खात्याच्या लातूर मंडळात येतो. लातूर ते माहूर हे अंतर पाहता नम्रता एकाच फेरीत संपवू नये.

उत्तम योग असा : ती माहूरच्या ग्रामीण रुग्णालयात, तो वाई बाजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तालुका एक, बिऱ्हाड एक, ड्युट्या दोन.

प्रस्थान

नांदेडहून माहूर सुमारे 130 किलोमीटर. माहूरला रेल्वे नाही. नंदीग्राम एक्सप्रेसने किनवटला उतरावे आणि पुढे एसटीने सागवानाच्या जंगलातून घाट चढावा. सोबत कुकर, मच्छरदाणी, दोन टॉर्च आणि पाण्याचा मोठा पिंप घ्यावा. लग्नात आलेला बारा माणसांचा डिनर सेट सासरी ठेवावा; बारा माणसे येतील, पण ती जेवायला नव्हे, एकाच जीपमधून अपघाताची म्हणून.

क्वार्टर

वैद्यकीय अधिकाऱ्याने मुख्यालयी राहावे, असा नियम आहे. मुख्यालयी राहण्याजोगे घर असावे, या नियमाची अंमलबजावणी राज्यात कुठे झाली आहे, कुठे व्हायची आहे. हातात किल्ली पडली की आधी स्लॅबकडे पाहावे. ओल दिसली तर पलंग कुठे ठेवायचा ते पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. मग नळ सोडून पाहावा. शेवटी दार लावून पाहावे, कारण ते वर्षभर वाजणार आहे. ओपीडीची वेळ संपली की लोक दवाखान्याऐवजी थेट क्वार्टरवर येतात. तो हक्क त्यांना कुणी दिलेला नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही.

स्वयंपाकाची वाटणी ड्युटीच्या तक्त्याप्रमाणे करावी. जो आधी मोकळा होईल त्याने कुकर लावावा. व्यवहारात दोघेही मोकळे होत नाहीत आणि शेजारच्या सिस्टर ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवतात. सिस्टरशी भांडण टाळावे, यामागचे वैद्यकीय कारण वेगळे आहे आणि हे वेगळे.

गावाची ओळख

माहूर हे महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. डोंगरावर रेणुकामाता, पलीकडे दत्तशिखर, त्यापुढे अनसूयेचे शिखर, शिवाय रामगडचा किल्ला, पांडवलेणी, सोनापीर दर्गा आणि महानुभावांचे देवदेवेश्वर. नवविवाहितांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : गावातल्या दोन मोठ्या कथा जोडप्यांच्याच आहेत. एक जमदग्नी-रेणुकेची, दुसरी अत्री-अनसूयेची. दोन्हींत परीक्षा बायकोची होते, नवरा परीक्षेला बसत नाही.

ही प्रथा ओपीडीतही पाळली जाते. दोघे शेजारी शेजारी बसले असतील तर तो 'डॉक्टर साहेब' आणि ती 'सिस्टर'. तिने स्टेथोस्कोप गळ्यात घातला तरी 'सिस्टर, साहेब कधी येतेत?' ही विचारणा ठरलेली. त्याने अशा वेळी गालातल्या गालात हसू नये. 'मॅडमच मोठ्या डॉक्टर आहेत' असे खणखणीत आवाजात सांगावे. ते खरे असते, कारण गुणवत्ता यादीत ती दोनशेने वर आहे. चार-सहा बाळंतपणे नीट पार पडली की गाव तिला 'डॉक्टरीण बाई' म्हणू लागते आणि त्याची ओळख 'डॉक्टरीण बाईचे मालक' एवढी उरते. त्यानेही वर्षभरात एखादी परीक्षा द्यायला हरकत नाही.

भाषेची तयारी ठेवावी. नांदेडच्या अंगाचा माणूस 'पोट दुखूलालंय' म्हणतो, पैनगंगेपलीकडून आलेला 'दुखून राह्यलं' म्हणतो, तांड्यावरची आजी गोरमाटीत बोलते आणि कोलाम पाड्यावरचा बाप काहीच बोलत नाही. चौथ्यासाठी आशाताईंना बोलवावे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, असा हिशेब आहे. त्या दुभाष्याचे काम करतात आणि त्याचा वेगळा मोबदला त्यांना मिळत नाही.

प्रसाद आणि पथ्य

रेणुकामातेला तांबूल चढतो. विड्याची पाने, कात, सुपारी, बडीशेप असे सगळे खलबत्त्यात कुटून केलेला हा प्रसाद बरे वाटलेला रुग्ण हटकून आणून देतो. डॉक्टरांपुढे इथे पेच उभा राहतो. भिंतीवर तोंडाच्या कर्करोगाचे पोस्टर, खुर्चीत गुटखा सोडायला तयार नसलेला जवान आणि समोर पानाचा द्रोण. तांबुलात तंबाखू नसते हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले आहे. मार्ग असा : प्रसाद दोन्ही हातांनी घ्यावा, कपाळाला लावावा, चिमूटभर तोंडात टाकावा आणि रोज पुडी चघळणाऱ्याला तिथल्या तिथे सांगावे की देवीचा प्रसाद वर्षातून एकदा असतो, दर तासाला नसतो. हा युक्तिवाद पोस्टरपेक्षा चांगला चालतो.

पाळणा

उपकेंद्रावर तिने बायकांना पाळणा लांबवण्याची साधने समजावून सांगायची असतात. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. 'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. हे सांगत असतानाच सासूबाईंचा फोन येतो आणि 'गोड बातमी कधी?' हा प्रश्न स्पीकरवर सगळ्या उपकेंद्राला ऐकू जातो. बायका मनापासून हसतात. त्या दिवशी 'अंतरा' घेणाऱ्यांची संख्या वाढली तर ते श्रेय सासूबाईंना द्यावे.

किनवट-माहूर पट्ट्यात आदिवासी वस्ती मोठी असल्याने सिकलसेलची तपासणीही करायची असते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी दोघांचे रक्त तपासा, असे तो पोटतिडकीने सांगतो. 'साहेब, तुमी तपासलं व्हतं का?' असे एखादा पोरगा विचारतो. आपल्या लग्नात छत्तीसपैकी किती गुण जुळले एवढेच साहेबांना आठवते. दोघांनी त्याच संध्याकाळी एकमेकांच्या बोटाला सुई टोचून हा विषय संपवावा.

एकांत

नवविवाहितांना वीस मिनिटे निवांत कुठे मिळतील, याचे उत्तर राष्ट्रीय सर्पदंश उपचारपद्धतीत दिले आहे.

पावसाळा, रात्रीचे दोन. जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावले आहे. साप पाहिला नाही. वाटेत एका जाणत्याने मंत्र टाकून झाला आहे. ती शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढते आणि काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत सोडते. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही चालत नाही, कारण मग रक्त गोठले नाही तो दोष सापाचा की साबणाचा, ते कळत नाही. नळी टेबलावर उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. हलवली की चाचणी वाया.

तो तेवढ्यात ॲड्रिनॅलिन भरून ठेवतो आणि रुग्णाच्या पापण्यांकडे पाहत राहतो. मण्यार चावली असेल तर रक्त नीट गोठते. आधी पापण्या जड होतात, मग मान, मग श्वास. दोघे एका बाकावर बसतात. वर्षातले सगळे महत्त्वाचे बोलणे या बाकावर उरकून घ्यावे : गॅस कधी संपला, नीट-पीजीचा फॉर्म भरला का, आई कशावरून रागावली. विसावे मिनिट झाले की ती नळी एकदाच तिरपी करते. रक्त पाण्यासारखे वाहिले तर बोलणे जिथल्या तिथे तोडावे आणि प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमध्ये सोडाव्यात. गॅसचा विषय पुढच्या सापाच्या वेळी घेता येतो.

रेफर

जिल्ह्याचे ठिकाण नांदेड, जवळचे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळचे. माहुरातून नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. अडलेली बाळंतीण 108 मध्ये घालून कुठे पाठवायची, हा प्रश्न नकाशा सोपा करतो आणि फाईल अवघड करते. नातेवाईक तिसरे गाव सुचवतात, कारण तिथे त्यांचा भाचा असतो. अशा वेळी किलोमीटर मोजावेत, जिल्हा मोजू नये. फवारणीच्या दिवसांत तर अजिबात नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी आणि सोयाबीन नदीच्या अलीकडेही तेवढेच आहे. ॲट्रोपिनचा साठा जूनमध्येच मोजून ठेवावा.

आदर्शांपासून बचाव

बाँडवर आलेल्या जोडप्याला पहिल्याच सत्कारात प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांची उपमा मिळते. हेमलकशाचे काम 1973 मध्ये सुरू झाले. अभय आणि राणी बंग 1986 पासून गडचिरोलीत आहेत. मेळघाटात बैरागडला गेलेल्या रवींद्र कोल्ह्यांनी लग्नाआधीच अटी घातल्या होत्या : चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत कोर्टात लग्न, महिना चारशे रुपयांत संसार आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायचीही तयारी. स्मिताताईंनी त्या मान्य केल्या. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. इतक्या लांब कशाला, शेजारी किनवटला डॉ. अशोक बेलखोडे यांनी उभे केलेले साने गुरुजी रुग्णालय आहे. एखाद्या रविवारी जाऊन बघून यावे.

मात्र सत्काराची शाल अंगावर पडताच मनाशी हिशेब करावा. या मंडळींनी आयुष्य दिले, आपण एक वर्ष देतो आहोत आणि तेही कायद्याने. शाल उबदार असते, वापरावी. उपमा परत करावी.

अभ्यास

नीट-पीजीला दोघेही बसणार असतात. एकाच क्वार्टरमधले दोन स्पर्धक, एक टेबल, एक पंखा आणि मर्जीनुसार येणारी रेंज. टेबल दिवसाआड वाटून घ्यावे. नवरात्र, दत्तजयंती आणि राखी पौर्णिमेची परिक्रमा या दिवसांत अभ्यासाचा विचार मनातही आणू नये. त्या काळात गडावर गर्दीची, चक्कर येऊन पडलेल्यांची आणि हरवलेल्या आजींची ओपीडी चालते. पुस्तकात 'उष्माघात' हे प्रकरण शिल्लक असेल तर मे महिन्यात ते प्रात्यक्षिकासह होते.

समारोप

वर्ष संपताना जोडप्याला कार्यमुक्तीचा आदेश मिळतो आणि गावाला रिकामी खुर्ची. गावाचा राग डॉक्टरांवर असतो, खात्याचा ठपकाही त्यांच्यावरच. मात्र सरकारच्या तक्त्यात वर्षभर 'एक पद भरले, दुसरे पद भरले' अशी नोंद होती. या दोन पदांचे मिळून एक घर आहे, हे लिहायला त्यात रकानाच नव्हता. याद्या काढणाऱ्यांना म्हणून तीनच विनंत्या. जोडप्याचे दोन अर्ज एकत्र वाचावेत. ऑर्डर वेळेवर काढावी. पावसाळ्याआधी क्वार्टरचा स्लॅब कुणीतरी जाऊन पाहावा. डॉक्टर खेड्यात राहत नाहीत, ही तक्रार त्यानंतर खुशाल करावी.